पायथॉनमध्ये झेडलिब की एलझेडएमए?

डेटा कॉम्प्रेस करणारी, म्हणजे आकाराने लहान करणारी, ही दोन्ही मॉड्यूल पायथॉनसोबतच येतात. बाइट्स द्यायचे, बाइट्स परत घ्यायचे. खरा फरक आहे तो पुन्हा आलेला डेटा शोधताना किती मागचं आठवतं यात. झेडलिब फार तर ३२ केबी मागे बघतं, एलझेडएमए नेहमीच्या सेटिंगला ८ एमबी. त्यामुळे तोच डेटा लांब अंतराने पुन्हा येत असेल तर एलझेडएमएची फाइल बरीच लहान होते, पण कॉम्प्रेस करताना वेळ आणि मेमरी दोन्ही खातं. नेटवर्कवरून सतत ये-जा असेल तर मी झेडलिबच घेईन. बॅकअपला एलझेडएमए.

झेडलिबची एक खोड मात्र आहे: जीझिपचे (.gz फाइलचे) बाइट्स थेट त्याच्या डीकॉम्प्रेस फंक्शनला दिले की हेडर चुकल्याची एरर येते. त्याच फंक्शनला डब्ल्यूबिट्स (wbits) हे पॅरामीटर ३१ दिलं की निमूट उघडतं. एलझेडएमए आपले नवे-जुने (.xz आणि .lzma) दोन्ही फॉरमॅट आपणहून ओळखतं. आधीच कॉम्प्रेस झालेल्या जेपीईजी फोटोंपुढे मात्र दोघंही हात टेकतात.