समूह खरेदीचे अठरा महिने : दर खरा, पण माल कुठपर्यंत?

उन्हाळी परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, प्रश्नपत्रिका संगणकावर उतरवून त्यांची छपाई सुरू असतानाच वीज गेली आणि चार मिनिटांत आमच्या इन्व्हर्टरने मान टाकली. समोरच्या मंगल कार्यालयाच्या मालकांनी स्वतःहून जनरेटर सुरू करून तार ओढून दिली म्हणून पेपर वेळेवर वाटता आले. चार बॅटऱ्यांपैकी दोन मात्र त्या दिवशी बसल्या त्या बसल्याच. या बॅटऱ्या आम्ही आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये समूह खरेदीतून घेतल्या होत्या. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे असलेल्या आमच्या छोट्या अनुदानित महाविद्यालयाची खरेदी मीच पाहतो, त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहिणे मला माझे काम वाटते.

समूह खरेदी म्हणजे काय, हे खरेदी समितीवर बसलेल्यांना सांगायला नको. आमच्या समूहात अकरा महाविद्यालये आहेत. सर्वांच्या मागण्या एकत्र करून एक खासगी मध्यस्थ संस्था निविदा काढते, दर ठरवते आणि तिच्या दरकरारावर आम्ही आपापले पुरवठा आदेश देतो. तीन दरपत्रके मागवणे, तुलनात्मक तक्ता करणे, लेखापरीक्षकांच्या शंकांना उत्तरे देणे ही कामे हलकी झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दरातील फरकही कागदावरचा नाही. दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीला स्थानिक दुकानदाराचा दर १६,४०० रुपये होता, समूहाचा दर १३,१०० रुपये. चार बॅटऱ्यांमागे १३,२०० रुपये वाचले. वेतनेतर अनुदानाची वाट पाहत वर्ष काढणाऱ्या महाविद्यालयासाठी ही रक्कम लहान नाही.

माझी तक्रार दरकरारातील एका ओळीबद्दल आहे. ती ओळ अशी होती : ‘पोहोच : जिल्हा मुख्यालय’. सही करताना मी ती वाचली होती, पण तिचा अर्थ मला यवतमाळच्या वाहतूक कंपनीच्या गोदामात उभा असताना कळला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले, “सर, आमचा माल येथंवरच येते, पुढचं तुमचं तुम्ही पाहा.” तिथून आमचे गाव सत्तर किलोमीटरहून अधिक दूर आहे. छोट्या मालवाहू टेम्पोचे भाडे २,८०० रुपये आणि हमाली ४०० रुपये झाली, म्हणजे वाचलेल्या १३,२०० मधून ३,२०० रुपये पहिल्याच दिवशी गेले. यवतमाळ शहरातील सदस्य महाविद्यालयाला हाच माल त्याच दरात हातगाडीवर नेता आला. तुलनात्मक तक्त्यात दोघांचा दर एकच दिसतो, आणि मला सर्वांत अधिक हेच खटकते.

बॅटऱ्या बसल्यावर या ओळीचा दुसरा अर्थ समोर आला. हमीपत्रात ‘जागेवर सेवा’ असे लिहिले होते, परंतु सेवा कक्षाच्या म्हणण्यानुसार जागा म्हणजे पोहोचेचे ठिकाण. छत्तीस महिन्यांची बदलून देण्याची हमी असूनही बंद पडलेल्या बॅटऱ्या आम्हीच यवतमाळला न्याव्यात आणि तपासणी झाल्यावर आम्हीच परत आणाव्यात, असे सांगण्यात आले. म्हणजे दोन फेऱ्यांचे आणखी ५,६०० रुपये. आधीच्या खर्चात ते मिळवले, तर १३,२०० रुपयांच्या बचतीतून हातात राहणार होते ४,४०० रुपये, आणि तेही केवळ दोन बॅटऱ्या एकदाच बिघडल्या असे धरून.

सरकारी महाविद्यालयातील सहकाऱ्यांशी बोललो, तेव्हा २०१६ साली सुरू झालेल्या जेम या शासकीय ई-बाजारपेठेची रीत समजली. तिथे माल घेणाऱ्याचा पत्ता आदेशातच असतो, दरात त्या पत्त्यापर्यंतची पोहोच धरलेली असते, आणि माल मिळाला व स्वीकारला असे प्रमाणपत्र घेणाऱ्याने दिल्यानंतर देयक पुढे सरकते. त्यामुळे दूरच्या गावातील लिपिकाच्या हातात एक दोरी राहते. आमच्या करारात ती नव्हती. अमेरिकेत महाविद्यालयांनी अशी व्यवस्था फार पूर्वी उभी केली. तिथली ‘ई अँड आय कोऑपरेटिव्ह सर्व्हिसेस’ ही सदस्य संस्थांच्या मालकीची सहकारी संस्था १९३४ पासून चालू आहे. अशा संस्थांचा खर्च बहुधा पुरवठादाराने विक्रीवर दिलेल्या शुल्कातून भागतो आणि आमच्या मध्यस्थाचेही तसेच आहे. त्यात गैर काही नाही. मात्र शुल्क विक्रीवर मिळत असेल, तर विक्रीनंतर माल कुठे अडला हे पाहण्याची निकड मध्यस्थाला आपोआप वाटत नाही. ती सदस्यांनीच करारात लिहून घ्यावी लागते.

एकत्र घेण्याचा निखळ लाभ मला आजवर ग्रंथालयात मिळाला. ग्रंथालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत पात्र अनुदानित महाविद्यालयाला थोड्याशा वार्षिक शुल्कात ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके मिळतात, आणि आमच्या प्राध्यापकांना ती मुंबईइतकीच सहज उघडतात. तिथे गोदाम नाही, त्यामुळे जिल्हा मुख्यालयही आड येत नाही. रसायनांचे तसे झाले नाही. सिल्व्हर नायट्रेटची २५ ग्रॅमची बाटली आम्हाला पुरते, समूहाने १०० ग्रॅमची ठरवली, आणि चांदीच्या या महाग क्षाराचे उरलेले तपकिरी बाटलीतले ग्रॅम आजही अंधाऱ्या कपाटात पडून आहेत.

मे महिन्यात मी समूहातून बाहेर पडण्याचे टिपण तयार केले होते. ते प्राचार्यांकडे पाठवण्याआधी इतर महाविद्यालयांना फोन केले, आणि तिथे माझे मत बदलले. आणखी चार ठिकाणी त्याच खेपेच्या बॅटऱ्या बसल्या होत्या आणि प्रत्येकाला ‘तुम्ही पाण्याची पातळी राखली नाही’ हे एकच उत्तर मिळाले होते. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, बॅटरीतील पाणी झपाट्याने उडते, हे खरे आहे. पण आमचे शिपाई दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर भरून तारखेसह नोंद करतात. त्या नोंदींच्या प्रती, पाचही ठिकाणचे अनुक्रमांक आणि जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतील उतारे जोडून आम्ही एकच पत्र दिले. दोन बॅटऱ्यांसाठी एकट्या महाविद्यालयाने लिहिलेली तीन पत्रे अनुत्तरित राहिली होती. या पत्रावर आठवड्याभरात अभियंता आला, त्याने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता मोजली, आणि जुलैमध्ये बदली बॅटऱ्या थेट आमच्या भांडाराच्या दाराशी उतरल्या. भाडे कंपनीने दिले.

समूहाचे बळ मी केवळ दरात शोधत होतो. तक्रार करताना ते त्याहून अधिक कामी आले, म्हणून बाहेर पडण्याचे टिपण मी मागे घेतले. ऑगस्टच्या बैठकीत पोहोचेची ओळ बदलून घेण्यासाठी मी दोन तास बोललो. यवतमाळच्या सहकाऱ्यांचा विरोध होता, कारण दूरच्या गावांचे भाडे सर्वांच्या दरात मिसळणार होते, आणि त्यांची हरकत चुकीची नव्हती. शेवटी बॅटरीमागे १५० रुपये वाढ सर्वांनी मान्य केली आणि करारात शब्द आले : ‘पोहोच व हमीकाळातील सेवा : मागणी करणाऱ्या महाविद्यालयाचे भांडार, माल उतरवून’. आमच्या चार बॅटऱ्यांना ही वाढ ६०० रुपयांची पडते. गेल्या वेळी मी ३,२०० दिले होते.

रसायनांच्या बाटल्यांचा आकार ठरवणे अजून बाकी आहे. पुढील मागणीपत्रात मी सिल्व्हर नायट्रेटपुढे ‘२५ ग्रॅम, एक नग’ असे लिहिले आहे आणि रसायनशास्त्र विभागप्रमुखांची सही घेऊन ते कालच पाठवले आहे.