गिरगावच्या छापखान्यातून आलेली २३ जणांची स्मरणिका

दहावीच्या २०२१च्या तुकडीला ना बोर्डाची परीक्षा मिळाली, ना निरोप समारंभ. राज्य मंडळाने त्या वर्षी लेखी परीक्षा रद्द करून नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे निकाल लावला. १६ जुलैला लागलेला राज्याचा तो निकाल ९९.९५ टक्के होता, त्यामुळे पेढे वाटतानाही मुले जरा ओशाळलेलीच होती. मध्य मुंबईतील एका मराठी शाळेत मी त्या तुकडीची वर्गशिक्षिका होते. चाळी पुनर्विकासाला गेल्या, बिऱ्हाडे डोंबिवली-विरारकडे हलली आणि शाळेत इयत्तेला एकच तुकडी उरली. या वर्गात तर अवघी २३ मुले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आल्यावर त्यांनी स्मरणिका काढायचे ठरवले, मुद्रितशोधन अर्थातच माझ्याकडे आले आणि छपाईचे काम गिरगावातील एका छोट्या छापखान्याला दिले. हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे.

आम्हाला हव्या होत्या ४० प्रती. एवढ्याशा कामाला बहुतेक ठिकाणी उभे करत नाहीत, कारण ऑफसेटवर, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्लेटचा खर्च प्रती कितीही कमी असल्या तरी तेवढाच येतो. येथील मालकांनी ऑफसेटचा विषयच काढला नाही. डिजिटल छपाई, ए-५ आकार, मधोमध पिना आणि जाड मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन असा सरळ हिशेब त्यांनी कागदावर मांडून दिला. प्रत ३०० रुपयांच्या आसपास पडली. दर थोडा चढाच आहे. परंतु कामाच्या मध्यावर एक रुपयाही वाढवून मागितला गेला नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

खरी कसोटी छायाचित्रांची होती. मुलांकडचे जवळजवळ सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले होते. नववीच्या स्नेहसंमेलनाचा समूहफोटो दोन पानांवर पसरून छापायचा, असा मुलांचा हट्ट होता. मालकांनी तो पडद्यावर उघडून दाखवला: लांबीकडून १६०० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम सव्वापाच इंच. एका पानाच्या रुंदीत तो नीट बसेल, दोन पानांवर ताणला तर मागच्या रांगेतील चेहरे पुसट होतील, हे त्यांनी समजावून सांगितले आणि मूळ फोटो कोणाच्या तरी पालकांच्या जुन्या फोनमध्ये सापडतो का, ते आधी पाहायला लावले. तो सापडला. ‘छापून देतो, पुढचे तुम्ही बघा’ असे म्हणून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते.

दहावीच्या वर्षाचे चित्र म्हणून मुलांनी ऑनलाइन तासाचा एक स्क्रीनशॉट दिला होता. त्यात बहुतेक चौकटी काळ्या आहेत. एका चौकटीखाली ‘पप्पा’ असे नाव आहे, दुसरीखाली फोनच्या मॉडेलचा क्रमांक, कारण मुले घरातला मिळेल तो मोबाइल घेऊन बसत. हा फोटो उजळ करून देऊ का, असे छापखान्यातील मुलाने विचारले. मुलांनी नको म्हटले आणि त्याने पुन्हा आग्रह धरला नाही. माझ्या मते संपूर्ण स्मरणिकेत सर्वांत बोलके पान तेच आहे. लेखांपैकी खो-खोवरचा लेख मला विशेष आवडला. वर्गात मुली अकराच, त्यामुळे मैदानात नऊ जणी उतरल्या की बाकावर दोघीच उरत, आणि एकीला ताप आला तरी साऱ्या शाळेला चिंता लागे. नाटकातही तीच गत. ज्याला रंगमंचावर जायचेच नव्हते त्यालाही निदान झाड व्हावे लागले.

आता तक्रारीचे. मुलांनी लेख युनिकोडमध्ये दिले होते. छापखान्याने ते आपल्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवले आणि त्यात ‘ऱ्या’ व ‘ऱ्ह’ जागोजागी फुटले, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. पहिल्या प्रुफात मी या चुका लाल शाईने दाखवल्या, दुसऱ्या प्रुफात त्यांतील बऱ्याचशा गेल्या. मात्र शेवटच्या घटकेला बदललेल्या फोटोओळी मला न दाखवताच छापल्या गेल्या आणि एका मुलीचे आडनाव चुकलेलेच राहिले. २३ जणांच्या पुस्तकात एक नाव चुकणे ही किरकोळ बाब नव्हे. मजकुरात कोणताही बदल झाला की नवे प्रूफ द्यायचे, एवढी शिस्त या छापखान्याने लावून घ्यायला हवी. मुखपृष्ठावरचा निळा रंगही पडद्यावर पाहिला त्यापेक्षा गडद आला आहे, पण त्याचे मला फारसे दुःख नाही.

एक सूचना मात्र अशी होती की जी आमच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती. पिनांच्या बांधणीत पाने चारच्या पटीत लागतात आणि आमची दोन पाने कोरी राहत होती. शाळेच्या अखेरच्या दिवशी मुले एकमेकांच्या गणवेशावर सह्या करतात, ते या तुकडीच्या वाट्याला आलेच नाही, हे बोलण्यातून कळल्यावर मालकांनी ती पाने सह्यांसाठी ठेवायला सांगितली. शिवाय गुळगुळीत आर्ट पेपरवर जेल पेनाची शाई फिसकटते, म्हणून सर्वांत बाहेरचा ताव त्यांनी मॅपलिथोचा घातला. त्यामुळे शेवटची दोन पाने साध्या कागदाची आली.

छापखान्याने फाइल जपून ठेवली आहे आणि दहा प्रतींपासून पुन्हा छापून देण्याची त्यांची तयारी आहे. आठवीनंतर शाळा सोडून गेलेल्या काही मुलांनीही आता प्रती मागितल्या आहेत. त्या छपाईत आडनावाची दुरुस्ती त्यांनी विनामूल्य करून द्यायचे मान्य केले आहे, आणि या खेपेला फोटोओळींसकट पूर्ण प्रूफ हाती आल्याशिवाय मी होकार देणार नाही.