ॲव्हरेज १६ आणि घाटात डबल ओढ: माझे १,७८,६५० रुपये कसे गेले

पिकअपचं ट्युनिंग करून ॲव्हरेजही वाढवतो आणि ओढही वाढवतो असं कुणी सांगितलं, तर चावी हातात घ्या आणि तिथून निघा. चहासुद्धा पिऊ नका. माझे ४२,००० रुपये गॅरेजवाल्याने घेतले आणि त्याने करून ठेवलेली घाण निस्तरायला १,३६,६५० रुपये वर गेले. एकूण १,७८,६५०. आंब्याच्या अख्ख्या सीझनची कमाई. तो माणूस आजही हायवेला गॅरेज उघडं ठेवून बसलाय, व्हिडिओ टाकतोय आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या गाडीवाल्यांना फोन करतोय, म्हणून हे लिहितोय.

माझी पिकअप बीएस-६ आहे, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, आणि वॉरंटीतली. रत्नागिरीतून आंब्याच्या पेट्या भरायच्या आणि आंबा घाट चढून कोल्हापूरच्या सौद्याला पहाटे पोचायचं, हे काम. सीझन संपला की मासळी. डिझेल तेव्हा ९० रुपयांच्या घरात होतं, भाडं मात्र कुणी वाढवून देत नाही. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरला रडते आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात. त्यात डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा. हळू आणि थांबत-थांबत गाडी चालवली की काजळी जाळायला लागणारी उष्णता सायलेन्सरला मिळत नाही, दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. हे ज्याने भोगलंय त्याला मी गॅरेजला का गेलो हे विचारावं लागणार नाही.

मामेभावाच्या ओळखीने गेलो. त्याच्या मित्राने काम केलं होतं आणि तो खूश होता. (तो का खूश होता ते पुढे कळेल.) गॅरेज चकाचक. लॅपटॉप, भिंतीवर फ्लेक्स, बाहेर पाचसहा पिकअप उभ्या. मालक गोड बोलणारा. "काय बी काळजी करू नगासा मालक, बाराचं सोळा करून देतो, आणि घाटात गाडी तिसऱ्याला चढंल." मी हिशोब केला. महिन्याला ४,००० किलोमीटर गाडी पळते. बाराने ३३३ लिटर, सोळाने २५०. म्हणजे महिन्याला साडेसात हजारांची बचत, सहा महिन्यांत पैसे वसूल. हिशोबात काही चूक नव्हती. खोटा होता तो सोळाचा आकडा.

काय काय लावलं ते सांगतो. रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग (मॅप) बदलणं, १८,५००. डीपीएफ आतून रिकामा करणं ९,०००. 'इकॉनॉमी मॉड्यूल' नावाचा काळा डबा ६,८००. मोठा एअर फिल्टर ४,५००. ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) पत्र्याची पट्टी मारून तो बंद करणं ३,२००. बेरीज बरोबर ४२,०००. त्यातले १०,००० ऑनलाइन घेतले आणि ३२,००० रोख. बिल मागितलं तर म्हणाला, १८ टक्के जीएसटी लागेल, ७,५६० जास्त द्या. रस्त्याकडेच्या कुठल्याही गॅरेजला हेच चालतं, तुम्हीही असंच काम करून घेता. पण आज सांगतो, ते ७,५६० द्या. बिल नाही तर पुढे तुम्ही कुणीच नाही.

आता तो पंप. रात्री झोप लागत नाही ती त्या पंपाच्या आठवणीने. काम झाल्यावर डेमो. जवळच्या पंपावर गाडी नेली, दोन पोरांनी हौदा धरून गाडी हलवली, टाकीतली हवा काढली, पुन्हा डिझेल, पुन्हा हलवणं, शेवटी गळ्यापर्यंत डिझेल दिसायला लागलं. बोट बुडवून दाखवलं मला. मग रिकामी गाडी घेऊन सपाट हायवेला गेलो, साठच्या स्पीडने, एकूण ६४ किलोमीटर. परत त्याच पंपावर. या वेळी नोझल त्याने स्वतः धरलं. पहिला खटका पडला, मशीन थांबलं, त्याने नोझल बाहेर काढलं, झाकण फिरवलं आणि मोठ्याने म्हणाला, "तीन पॉइंट एक्याऐंशी!" मोबाइलवर भागाकार केला, १६.८ आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

या वेळी गाडी हलवली नाही. गळ्यापर्यंत भरली नाही. झाकण मला बघू दिलं नाही. माझी नजर मशीनच्या आकड्यावर होती, कारण त्यानेच बोट दाखवून ती तिकडे नेली होती. चारपाच माणसं भोवती, मागे पंपाची रांग, कुणाचंही लक्ष आकड्याकडेच जाणार. त्या टाकीत एक लिटर कमी पडला असेल तर खरं ॲव्हरेज १३.३ होतं, आणि रिकाम्या पिकअपला सपाटीवर तेवढं कंपनीच्या मॅपवरही पडतं. ६४ किलोमीटरला एका लिटरने असा फरक पडतो. हीच टेस्ट ६०० किलोमीटरची केली असती तर एक लिटर इकडेतिकडे होऊन बाराचे सव्वाबारा झाले असते, बस. म्हणून डेमो नेहमी छोटा असतो. आणि माझे बारा होते घाटातले, भरलेल्या गाडीचे. त्याचे सोळा रिकाम्या गाडीचे. एवढं सरळ असूनही माझ्या मामेभावाच्या ते लक्षात आलं नाही, शेजारी उभ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आलं नाही. त्याच गिऱ्हाइकाने त्याच दिवशी ॲडव्हान्स दिला.

पुढचे काही आठवडे डॅशबोर्डवर १६, १७ दिसत राहिले. मामेभावाचा मित्र खूश होता तो याचमुळे. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज मोजलेलं नसतं. किती डिझेल इंजेक्ट केलं याचा इंजिनचा कॉम्प्युटर अंदाज बांधतो आणि तो अंदाज काट्यावर दाखवतो. त्या अंदाजाचा गुणक बदलता येतो, आणि याने तोच बदलला होता. पंपाच्या पावत्या मांडून टाकी ते टाकी हिशोब लावला तेव्हा भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज ११.४ निघालं. आधीपेक्षाही कमी. डॅशबोर्डवर विश्वास ठेवू नका, ट्युनिंग केलेल्या गाडीच्या तर अजिबात नको.

ओढ मात्र वाढली होती, ते नाकारत नाही. पण ती कशी वाढते? डिझेल जास्त सोडून आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवून. जास्त डिझेल जाळून जास्त ताकद, त्यात जादू नाही. मग त्याच डिझेलमध्ये ॲव्हरेज कुठून येणार? तीन टनांची भरलेली गाडी ५०० मीटर वर चढवायची तर इंजिन कितीही चांगलं असो, नुसत्या उंचीसाठी एक लिटरच्या आसपास डिझेल जळतं. ते कुणाच्या लॅपटॉपने कमी होत नाही.

तो काळा डबा मी घरी उघडला. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचं जे सॉकेट असतं त्यात तो बसतो. आत नखाएवढी एक चिप, तिच्यावरचा नंबर घासून टाकलेला, तीन छोटे दिवे आणि एक बटण. सॉकेटला सोळा पिना असतात. यात बॅटरीची सोळा नंबरची पिन आणि अर्थिंग, एवढंच जोडलेलं. इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांना साधा डाग दिलेला नाही. म्हणजे डबा गाडीकडून फक्त करंट घेतो आणि दिवे लावतो. ६,८०० रुपयांचे तीन दिवे. तुमच्याकडे असा डबा असेल तर चार स्क्रू काढून आजच बघा.

घाटात गाडी मेली ती एप्रिलच्या शेवटी, पेट्या भरलेल्या असताना. आधी काळा धूर, मग शिट्टीसारखा आवाज, मग ताकद गेली आणि गाडी वीसच्या वर जाईना. क्रेनचे ६,५००. सौदा चुकला, माल दुसऱ्या दिवशी उतरला, दर पडला आणि बागायतदाराला ११,२०० भरून दिले. त्याचा काय दोष? कंपनी वर्कशॉपने गाडी वर घेतली आणि मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवलं. डीपीएफच्या डब्याला खालच्या बाजूने कापून पुन्हा मारलेलं वेल्डिंग आणि त्यावर चंदेरी रंग. टर्बोचा शाफ्ट हाताने हलत होता. कॉम्प्युटरमधला मॅप कंपनीचा नाही हे त्यांच्या मशीनने लगेच सांगितलं. इंजिनची वॉरंटी तिथेच संपली. टर्बो ४६,३००, डीपीएफ ५८,०००, ईजीआर आणि सेन्सर ८,७५०, मूळ सॉफ्टवेअर टाकायचे ५,९००.

डीपीएफच्या आतला जो सिरॅमिकचा गाभा असतो त्याच्यावर प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचा थर असतो आणि भंगारात त्याला चांगला भाव आहे, हे मला वर्कशॉपमध्ये कळलं. म्हणजे माझाच माल काढायचे माझ्याकडून ९,००० घेतले आणि तो माल विकून आणखी खाल्ले. काढलेला प्रत्येक पार्ट मागून घ्या. कंपनीच्या मूळ मॅपची फाइल पेनड्राइव्हवर मागा. मी मागितली होती. "सर्व्हरवर हाय, कवा बी या." गेलो तेव्हा सर्व्हर नव्हता आणि तो फोनही उचलत नव्हता.

आता साहेब लोकांचं. पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतःच्या पायानं गेला होतासा न्हवं?" मग "ही दिवाणी बाब आहे." मग "गाडी बंद पडली ती हद्द वेगळी, तिकडे जा." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी फिर्याद घ्यावी लागते, आणि खोटा डेमो दाखवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मधला फसवणुकीचा प्रकार आहे. हे मी छापून नेलं. कागद टेबलावर पडून राहिला. साधा अर्ज घेतला, पोच द्यायलाही कुरकुर. पोच घेतल्याशिवाय मी हललो नाही, तुम्हीही हलू नका. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे.

आरटीओत तर उलटंच. तिथले साहेब म्हणाले, बदल गाडीत आहे, गाडी तुमची आहे, आधी कारवाई तुमच्यावर होईल. मोटार वाहन कायद्याच्या १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हे त्यांना तोंडपाठ. पण त्याच कलमाचं पहिलं पोटकलम वाचा ना! गाडीत असा बदल करणाऱ्या डीलरला गाडीमागे एक लाख दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. "तो डीलर नाही, गॅरेजवाला आहे," म्हणे. कायद्याच्या कलम २ मध्ये डीलरची व्याख्या आहे आणि तिच्यात गाड्या दुरुस्त करणाराही येतो, स्पष्ट शब्दांत. मी बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला, "लेखी द्या, बघू" म्हणाले. लेखी दिलं. बघितलं कुणीच नाही. त्या गॅरेजबाहेर रोज पाचसहा गाड्यांचे डीपीएफ कापले जातात, काळा धूर हायवेवरून दिसतो, आणि एक अधिकारी तिथे जात नाही. नाक्यावर मात्र आमच्या पेट्या मोजायला सगळे हजर. फसवला गेलेला माणूस समोर बसलाय आणि त्यालाच दंडाची भीती घालून घरी पाठवायचं, ही कुठली पद्धत? अशा भीतीनेच लोक तक्रार करत नाहीत, आणि त्याच्या जिवावर याचा धंदा चालतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. गॅरेज कुठेही असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मोबदला, म्हणजे आपण दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. "तुमचा व्यवसाय आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं समोरचा वकील म्हणेल. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरायला वापरलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते. माझ्याकडे १०,००० च्या ऑनलाइन पेमेंटची नोंद, "१६ गॅरंटी" लिहिलेला त्याचा मेसेज, वर्कशॉपचा लेखी रिपोर्ट आणि तो काळा डबा आहे. वर्कशॉपकडून रिपोर्ट सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू देऊ नका, नाहीतर पुरावा भंगारात जातो.

ज्यांनी हायवेच्या त्या गॅरेजमध्ये काम करून घेतलंय त्यांनी आधी टाकी ते टाकी ॲव्हरेज काढा, किमान ५०० किलोमीटरचं, भरलेल्या गाडीने. मग डबा उघडून पिनांचे फोटो काढा. आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते, आणि एकट्यापेक्षा दहा जणांच्या सह्यांना वजन येतं. मेसेज डिलीट करू नका, त्याला आधी फोनही करू नका. मला सांगा. तारखेला मी भाडं सोडून येईन.