सहयोगी घटस्फोट: टीममधली मदत की बाहेरची? कोणती कशासाठी घ्यावी

माझ्या धाकट्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने कोर्टात न भांडता वेगळं व्हायचं ठरवलं, तेव्हा मदत म्हणून मी तिला ३२ दुव्यांची यादी पाठवली. पुस्तकं, व्हिडिओ, अ‍ॅप, समुपदेशकांची नावं, सगळं. चार दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, मी त्यातलं एकही उघडलेलं नाही. मला एवढंच सांग, शनिवारी आम्ही दोघं मिळून लेकीला सांगणार आहोत. पहिलं वाक्य काय बोलू?"

ते पहिलं वाक्य ३२ पैकी कुठे सापडेल, हे मलाही सांगता आलं नाही. पुढच्या वर्षभरात त्या घराने बरीच मदत घेतली. काही वाया गेली, काहीने खरोखर तारून नेलं. तुमच्यासमोर आत्ता तशीच लांबलचक यादी असेल, तर ती आखूड करायला हे उपयोगी पडावं.

आधी या पद्धतीबद्दल थोडं, कारण निवडीचं सगळं गणित त्यावर आहे. सहयोगी घटस्फोटात दोघांचे आपापले वकील असतात, पण सुरुवातीलाच एका करारावर सह्या होतात. बोलणी कोर्टाबाहेर होतील, पैशांची कागदपत्रं दोघंही उघड करतील, आणि बोलणी फिसकटून प्रकरण लढायला कोर्टात गेलंच तर दोन्ही वकील बाजूला होतील. हे शेवटचं कलम म्हणजे या पद्धतीचा कणा. भांडण कोर्टात गेलं तर वकिलाचं कामच जातं, त्यामुळे ते मिटवण्यात त्यालाही तितकाच रस असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले वकील स्टुअर्ट वेब यांनी १९९० मध्ये ही वाट काढली. पुढे कॅलिफोर्नियातल्या पेगी थॉम्प्सन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी त्यात समुपदेशक आणि आर्थिक तज्ज्ञ आणले, आणि 'टीम' हा शब्द रूढ झाला. मध्यस्थीत एक तटस्थ माणूस दोघांच्या मधे बसतो. इथे तुमचा वकील पहिल्या बैठकीपासून तुमच्या शेजारी असतो.

टीम आली की मदतीचे दोन प्रकार पडतात, आणि माझ्या मते निवड करताना सगळ्यात आधी हेच बघायला हवं: समोरचा माणूस टीममधला आहे की टीमबाहेरचा? त्याला सांगितलेलं कोणापर्यंत जातं? बोलणी मोडली तर तो तुमच्यासोबत राहतो का? पुस्तक चांगलं की कोर्स चांगला, हा प्रश्न त्यानंतरचा.

कोच आणि स्वतःचा समुपदेशक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोघांचं शिक्षण बहुधा सारखंच असतं. टीममधला कोच मानसशास्त्राचा जाणकार असतो, पण तो तुमच्यावर उपचार करत नाही. बैठकीत कोणता मुद्दा आधी घ्यायचा, राग अनावर झाला तर थांबायचं कसं, समोरच्याचं वाक्य टोमणा न समजता ऐकायचं कसं, ही तयारी तो करून घेतो. काही टीममध्ये दोघांना मिळून एकच कोच असतो, काहींत प्रत्येकाला वेगळा. आणि करारात तशी मुभा असेल, तर तुम्ही कोचला सांगितलेलं टीमपर्यंत पोहोचू शकतं. तेही तुमच्या भल्यासाठीच असतं, कारण तुमची खरी भीती टेबलावर आली नाही तर तिच्यावर तोडगा निघणार कुठून?

टीमबाहेरच्या समुपदेशकाला तडजोडीशी देणंघेणं नसतं. कायद्यातले अपवाद सोडले तर तुमचं बोलणं त्याच्याजवळच राहतं, आणि बोलणी मोडून टीम पांगली तरी त्याच्याकडची तुमची पुढची वेळ कायम असते.

बहिणीने पहिले दोन महिने स्वतःचा समुपदेशक घेतलाच नाही. "कोच आहे ना, मग दुसरा कशाला?" असं तिचं म्हणणं. सगळं मन तिने कोचजवळ मोकळं केलं. तिसऱ्या बैठकीत कोचने अगदी सौम्यपणे सांगितलं, की राहतं घर विकायच्या नुसत्या विचारानेही तिची झोप उडते. बहीण घरी येऊन रडली. तिला वाटलं, आपला विश्वासघात झाला. आम्ही करार काढून पाहिला, तर टीममध्ये माहिती वाटून घेण्याचं कलम तिथेच होतं, खाली तिची सही. कोच आपलं कामच करत होता. मन मोकळं करायला तिच्याकडे दुसरी जागा नव्हती, अडचण ती होती.

एकच परवडणार असेल तर? बैठकांमध्ये आवाज चढत असतील, दर वेळी तेच तेच मुद्दे उगाळले जात असतील, तर कोच घ्या. बैठका ठीक चालल्यात पण रात्री छातीत धडधडतं, कामात लक्ष लागत नाही, तर बाहेरचा समुपदेशक. दोन्ही होत असेल तर मी आधी बाहेरचा घ्यायला सांगेन. मोडक्या मनाने माणूस काहीही कबूल करून मोकळा होतो.

ज्या घरात मारहाण, धमक्या किंवा सतत पाळत ठेवणं झालंय, तिथे ही तुलना थांबवा. अमेरिकेत सहयोगी पद्धतीसाठी २००९ मध्ये जो नमुना कायदा तयार झाला, त्यात असा इतिहास आहे का याची चौकशी वकिलाने आधीच केली पाहिजे, असं बंधन आहे. मोकळेपणाने बोलणं हा या पद्धतीचा पाया, आणि भीती असेल तिथे तो पायाच नसतो. अशा वेळी पहिला फोन घरगुती हिंसाचारातून बाहेर पडायला मदत करणाऱ्या संस्थेला आणि फक्त तुमच्या वकिलाला. दोघांनी मिळून वापरायचं कोणतंही साधन तोवर नको. एकत्र कॅलेंडरसुद्धा नको, त्यातून तुम्ही कधी कुठे असता हे कळतं.

मुलांसाठी

टीममध्ये मुलांसाठी एक तटस्थ समुपदेशक असू शकतो. तो मुलाला भेटतो, त्याच्या मनात काय चाललंय ते समजून घेतो आणि बैठकीत येऊन आईबाबांना सांगतो. मूल कोणाकडे राहावं, हा निवाडा तो देत नाही. "तुला कोण जास्त आवडतं?" असं तो विचारत नाही, आणि कोणी विचारत असेल तर त्याच्याकडे मुलाला पाठवू नका. मुलाचा स्वतःचा समुपदेशक हे वेगळं प्रकरण. मूल खूप कोमेजलंय, शाळेत जायचं नाव काढत नाही, अंथरूण ओलं करू लागलंय, तर उपचार लागतात, आणि ते टीमबाहेरच व्हावेत. त्या समुपदेशकाकडून तडजोडीसाठी अहवाल मागायचा मोह होतो. तो टाळा. आपलं बोलणं मोठ्यांच्या भांडणात वापरलं जातं हे मुलाला कळलं, की ते पुन्हा तोंड उघडत नाही.

शनिवारचं पहिलं वाक्य शेवटी तटस्थ समुपदेशकानेच दिलं. अट एकच होती, दोघांनी तेच वाक्य बोलायचं. "आम्ही आता वेगवेगळ्या घरांत राहणार आहोत, हे आम्ही दोघांनी ठरवलंय, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, आणि तुझे आईबाबा आम्ही दोघंही कायम राहणार." नऊ वर्षांची लेक बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी सायकल कुठे राहणार?" दोघं एकमेकांकडे बघत राहिले, कारण घर, बँक, शाळा सगळ्यावर चर्चा झाली होती, सायकलवर नाही. पुढच्या बैठकीत पालकत्वाच्या आराखड्यात सायकलची ओळ आली.

पुस्तकं आणि व्हिडिओ या दोन्ही समुपदेशकांची जागा घेऊ शकत नाहीत, पण लहान मुलांजवळ विषय काढायला बरे पडतात. मात्र आधी स्वतः बघा. सेसमी स्ट्रीट या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाने १९९२ मध्ये स्नफी या बाहुल्याच्या आईबाबांच्या घटस्फोटावर एक भाग तयार केला होता. प्रक्षेपणाआधी तो लहान मुलांना दाखवला, तर ती घाबरली. आईबाबांचं प्रेम तसंच राहतं, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. तो भाग कधीच दाखवला गेला नाही. २०१२ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली. अ‍ॅबी कॅडॅबी या दुसऱ्या बाहुलीचे आईबाबा आधीच वेगळे झालेत आणि ती आता दोन घरांत रुळली आहे, असं दाखवणारं साहित्य त्यांनी ऑनलाइन मोफत दिलं. गोष्ट निवडताना मी तेव्हापासून हेच बघते: ती घर मोडतानाची आहे, की दोन घरं बसल्यानंतरची? चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन घरं बसल्यानंतरचीच द्यावी.

पुस्तकं की पालकांचा कोर्स

मी स्वतः पुस्तकवेडी असल्यामुळे हे लिहिताना जड जातंय, पण पुरावा कोर्सच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत 'न्यू बिगिनिंग्ज' नावाचा घटस्फोटित कुटुंबांसाठीचा कार्यक्रम तपासला गेला. ९ ते १२ वर्षांची मुलं असलेली २४० घटस्फोटित कुटुंबं घेतली. काहींत आयांचा गट, काहींत आयांचा आणि मुलांचा असे दोन गट, आणि उरलेल्यांना घटस्फोटाशी जुळवून घेण्याबद्दलची फक्त पुस्तकं. सहा वर्षांनी ती मुलं वयात आली होती. तेव्हा मागच्या वर्षभरात मानसिक आजाराचं निदान होण्याचं प्रमाण पुस्तकवाल्यांत २३.५ टक्के होतं, तर आई आणि मूल दोघांचे गट झालेल्यांत ११ टक्के. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, नुसता आयांचा गट आणि दोघांचे गट यांच्यात फारसा फरक सापडला नाही. म्हणजे आईने मुलाचं ऐकायला, घराला शिस्त लावायला, भांडणाची झळ मुलापर्यंत न पोहोचू द्यायला शिकणं, यातच बराचसा फायदा होता. तेव्हा मुलाला कुठेतरी पाठवण्याआधी स्वतः काहीतरी शिकून या. घटस्फोटित पालकांचे कोर्स अनेक ठिकाणी मिळतात, ऑनलाइनही. निवडताना एवढंच बघा, की तो चार-पाच आठवडे तरी चालतो का आणि घरी करून बघायला काही देतो का. एका दुपारच्या व्याख्यानातून माहिती मिळते, सवय बदलत नाही.

पैसा

टीममधला तटस्थ आर्थिक तज्ज्ञ दोघांचे आकडे एका तक्त्यात मांडतो आणि दोन्ही घरं कशी चालतील ते दाखवतो. तुमचा स्वतःचा हिशेबनीस फक्त तुमचा फायदा बघतो. बहुतेकांना तटस्थ तज्ज्ञ पुरतो. घरचे व्यवहार आजवर दुसऱ्याच्याच हाती होते आणि तक्ता बघून काहीच कळत नसेल, तर दोन-तीन वेळा बाहेरच्या कोणाकडून तो समजून घ्या. तटस्थ तज्ज्ञाला एक विचाराच: "नंतर आमच्यापैकी कोणाची गुंतवणूक तुम्ही सांभाळणार का?" उत्तर 'नाही' असायला हवं.

अ‍ॅप, आणि साधं कॅलेंडर

२००१ पासून चालू असलेलं अवरफॅमिलीविझार्ड आणि त्याच धर्तीचं टॉकिंगपेरेंट्स या वेगळ्या झालेल्या आईबाबांसाठीच्या अ‍ॅपवर पाठवलेला निरोप नंतर खोडता येत नाही, आणि समोरच्याने तो कधी वाचला याची नोंद राहते. कोर्टात भांडणाऱ्यांना हे सोयीचं आहे. सहयोगी मार्गाने जाणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा, कारण प्रत्येक निरोप पुरावा म्हणून लिहायची सवय जडली की बैठकीतला मोकळेपणा आटतो. दोघांत बोलणं होत असेल, तर फोनमधलं सामायिक कॅलेंडर पुरेसं आहे. निरोप पाहिला की पोटात गोळा येत असेल, तर मात्र अ‍ॅप घ्या.

एका रात्री अकराला बहिणीने नवऱ्यासाठी लिहिलेला निरोप पाठवायच्या आधी मला वाचून दाखवला: "तू नेहमीच उशीर करतोस. लेक अर्धा तास बॅग घेऊन दारात उभी होती. तुला तिची पर्वाच नाही." वकील आणि समुपदेशक बिल एडी यांनी अशा वेळेसाठी चार कसोट्या सांगितल्या आहेत: निरोप थोडक्यात, माहितीपुरता, सौजन्याचा आणि ठाम असावा. त्यावर घासून उरलं ते असं: "आज यायला साडेसहा झाले. पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर सहाच्या आत कळव, म्हणजे मी लेकीला तसं सांगेन." पाच मिनिटांत उत्तर आलं, "हो, सॉरी." ही युक्ती कुठल्याही अ‍ॅपशिवाय चालते.

आधारगटाबद्दल थोडक्यात. एकटेपणावर त्याच्यासारखं औषध नाही, पण तिथे कोर्टात लढलेले लोकही असतात आणि त्यांचे सल्ले तुमच्या कराराला धरून नसतात. धीर तिथून घ्या, डावपेच घेऊ नका. नातेवाइकांनाही हेच लागू, मला स्वतःला धरून.

माणसं शोधायची कशी

इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ कोलॅबोरेटिव्ह प्रोफेशनल्स, म्हणजे आयएसीपी, या संस्थेच्या यादीत गाव आणि व्यवसाय टाकून वकील, कोच, आर्थिक तज्ज्ञ शोधता येतात. यादीत नाव असलं तरी पहिल्या फोनवर विचारून घ्या. या पद्धतीने शेवटपर्यंत नेलेली किती प्रकरणं झाली? टीममधल्या इतरांसोबत आधी काम केलंय का? मी सांगितलेलं कोणाला कळेल? बोलणी मोडली तर तुमच्याकडच्या नोंदींचं काय होतं? शेवटचे दोन प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण चांगला माणूस त्यावर चिडत नाही.

बहिणीच्या नवऱ्याने स्वतःसाठी वेगळा कोच शोधताना तिघांना फोन केले. दोघांनी गोपनीयतेवर गोलगोल उत्तरं दिली. तिसऱ्या बाई म्हणाल्या, "जे टीमला कळू नये असं वाटतं, ते मला सांगूच नका. त्यासाठी बाहेरचा कोणीतरी आधी गाठा, मग माझ्याकडे या." त्याने तसंच केलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच बाईंकडे गेला.