पीएचपीची क्लास तपासणारी फंक्शन्स: साडेतीन स्टार, अर्धा कापला तो गप्प बसण्याबद्दल

गेट_क्लास (ऑब्जेक्टच्या क्लासचं नाव देणारं), मेथड_एक्झिस्ट्स, गेट_ऑब्जेक्ट_व्हार्स (ऑब्जेक्टमधल्या प्रॉपर्टीज म्हणजे त्यात साठवलेल्या किमती देणारं) ही सगळी मंडळी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत आयतीच मिळतात, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, आणि रोज वापरतो म्हणून सांगतो, कामाची आहेत पण प्रश्न नीट विचारला नाही तर ती तुम्हाला टोकत नाहीत, सरळ उत्तर देऊन मोकळी.

मेथड_एक्झिस्ट्सचंच घ्या. मेथड (क्लासमधलं फंक्शन) आहे का एवढंच ते बघतं, बाहेरून कॉल करता येईल का याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. माझ्या एका लूपमध्ये प्रत्येक हँडलरला सेव्ह आहे का विचारायचं, असेल तर कॉल मारायचा असं होतं, आणि कुणीतरी (म्हणजे मीच) एका क्लासमधली सेव्ह प्रायव्हेट, म्हणजे फक्त क्लासच्या आतूनच वापरता येणारी, करून ठेवली, चेक आरामात पास आणि पुढच्याच ओळीला फेटल एरर. मग कॉल करता येईल का ते सांगणारं इज_कॉलेबल लावलं. ते पब्लिक-प्रायव्हेट बघतं खरं, पण क्लासमध्ये मॅजिकवालं कॉल (नसलेल्या मेथडचे कॉलही झेलणारी खास मेथड, __call) लिहिलेलं असलं की कशालाही हो म्हणतं, अबकड नावाची मेथड विचारा, तरी हो!

गेट_ऑब्जेक्ट_व्हार्सने तर अख्खी संध्याकाळ खाल्ली. क्लासच्या आतून विचारलं तर प्रायव्हेट प्रॉपर्टीजही देतं, बाहेरून फक्त पब्लिक. मी शहाणपणा करून ती एक ओळ क्लासमधून उचलली आणि हेल्पर फंक्शनमध्ये टाकली, ऑब्जेक्ट तोच, ओळ तीच, आणि हातात रिकामा अ‍ॅरे. वॉर्निंगसुद्धा नाही. क्लासमधल्या मेथड्सची यादी देणाऱ्या गेट_क्लास_मेथड्सचंही असंच आहे बरं का.

इज_ए (ऑब्जेक्ट अमुक क्लासचा किंवा त्याच्या उपक्लासचा आहे का) आणि इज_सबक्लास_ऑफ (फक्त उपक्लासचा आहे का) ही जोडी अजून वेगळी. ऑब्जेक्टऐवजी क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये दिलं तर दुसरं चालवून घेतं, पहिलं तिसरा पॅरामीटर ट्रू केल्याशिवाय फॉल्स देतं, आता हे डिफॉल्ट उलटसुलट का ठेवलेत ते लक्षात ठेवण्यापेक्षा मी दरवेळी तिसरा पॅरामीटर लिहूनच टाकतो. अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपण नावच न दिलेल्या, क्लासला पीएचपी जे नाव देतं ते तर कशाशी जुळवायलाच जाऊ नका, त्यात मध्येच नल बाइट (न दिसणारं शून्य किमतीचं अक्षर) आणि पुढे फाइलचा पाथ असतो.

सुधारणा झाल्यात हे मात्र मान्य. पीएचपी ७.१ पर्यंत क्लासच्या आत गेट_क्लासला चुकून नल (रिकामी किंमत) गेला तर ते बिनधास्त त्या क्लासचंच नाव द्यायचं, म्हणजे व्हेरिएबल रिकामं आणि उत्तर एकदम छान दिसणारं! ७.२ ला वॉर्निंग आली, ८.० ला टाइपएरर (चुकीच्या प्रकारची किंमत दिल्याची एरर), आणि ८.३ पासून काही न देता कॉल करणंच डेप्रिकेटेड, म्हणजे चालतं पण वापरू नका असा इशारा मिळतो. मी तर आता गेट_क्लास सोडूनच दिलंय, ८.० पासून ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलपुढे थेट ::क्लास लिहिता येतं, आत नल असला तर तिथल्या तिथे टाइपएरर.