‘बायोडिझेलवर चालवलेला’ जुना पिकअप घेताय? आधी हे वाचा

आमच्या निफाड भागात एक एजंट जुने डिझेल पिकअप “बायोडिझेलवर चालवलेला, किट बसवलेला” असं सांगून विकतोय (बायोडिझेल म्हणजे खाद्यतेलासारख्या तेलावर प्रक्रिया करून केलेलं डिझेलसारखं इंधन), मी त्यातलाच एक घेतला आणि चांगलाच पोळलोय म्हणून लिहितोय. द्राक्षं आणि कांदा न्यायला गाडी पाहिजे होती. जुनं डीआय (डिझेल थेट सिलिंडरात सोडणारं) इंजिन, साधा पंप, नव्या गाड्यांतली कॉमन रेल वगैरे जास्त दाबाची भानगड नाही, असली इंजिनं बायोडिझेल बऱ्यापैकी सहन करतात हे खरंच आहे, त्यामुळे संशय यायचं कारणच नव्हतं. भाव बाजारापेक्षा जास्त लावला, का तर म्हणे किट आहे.

यातली मेख नीट समजून घ्या. हा माणूस गाडीबद्दल खोटं बोलला पण बायोडिझेलबद्दल जे बोलला ते बहुतेक खरं होतं, आणि गाडीचा एकेक दोष त्याने त्या खऱ्या गोष्टींच्या आड झाकला. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, त्यावर “दादा, निफाडची थंडी, बायोडिझेल गोठतं”. आता ते गोठतं हे खरंय, पामतेलाचं असेल तर पंधराएक डिग्रीलाच गढूळ व्हायला लागतं. फिल्टर सारखा चोक, तर “बायोडिझेल टाकीतला जुना मळ सोडवतं, होईल साफ”. हेही खरं. पांढरा धूर, “गार इंजिनात असंच असतं”. पाईप झिरपतोय, “रबर खातं ते”. गाडी ओढत नाही, “डिझेलपेक्षा ताकद थोडी कमीच असते”. नेटवर बघावं तर त्याचंच बरोबर निघतंय! गाडी दाखवताना इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं हे मात्र नंतर लक्षात आलं.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं तर आतून भपकारे, बॅक कॉम्प्रेशन मारतंय म्हणाले, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय. ऑइल बोटावर घेतलं तर जाडजूड, इंजिनचा आवाज दाबायला गिअर ऑइल मिसळलेलं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं, लायनर रिंगा सगळं आलं, म्हणजे पूर्ण इंजिनकाम. पांढरा धूर त्याचाच, थंडीबिंडीचा काही संबंध नाही.

मग टाकी उतरवली. तळाला बोटभर गाळ, आणि डिझेलचे पाईप मूळचे, कडक झालेले, चिरा पडलेले. मिस्त्री म्हणाले अरे दोन वर्षं बायोडिझेल गेलं असतं तर टाकी आतून धुतली गेली असती आणि हे जुने रबरी पाईप फुगून मऊ पडले असते, या गाडीने बायोडिझेल कधी बघितलंच नाही. सायलेन्सरला वडे तळल्यासारखा वास यायचा तो डिझेलमध्ये थोडं वापरलेलं तळणाचं तेल ओतल्यामुळे. कच्चं, म्हणजे प्रक्रिया न केलेलं खाद्यतेल म्हणजे बायोडिझेल नव्हे, त्यावर मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून खालचं ग्लिसरीन काढायचं, वरचं धुवून सुकवायचं, तेव्हा ते बायोडिझेल. आणि ते किट? एक जादा फिल्टर आणि एक हीटर, ज्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. मला तर हसूच आलं.

वर तोच माणूस कॅनमधून “बायोडिझेल” पुरवायचा, बिल नाही काही नाही. ते तपासायला सोपं आहे, नऊ भाग मेथॅनॉलमध्ये एक भाग टाकून हलवा, चांगलं बायोडिझेल पूर्ण विरघळतं, याचा मात्र खाली वेगळा थर बसला. म्हणजे डिझेल किंवा कसलं तरी खनिज तेल नाहीतर कच्चंच तेल. मेथॅनॉल विषारी आहे, हातमोजे घालून उघड्यावर करा. केंद्राचे ३० एप्रिल २०१९ चे नियम आहेत त्यात बायोडिझेल हे डिझेलमध्ये मिसळायला विकायचं आहे आणि त्याला आयएस १५६०७ हे स्टँडर्ड लागतं, त्यामुळे विकणाऱ्याकडे टेस्ट रिपोर्ट मागा, तिथेच अर्धे जण पळतील.

कागदाचं तर वेगळंच. टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करायचा फॉर्म) सह्या झाल्या, पैसे गेले आणि मग कळलं आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच आहे. फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) आणि फायनान्सवाल्यांची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, बोजा आहे की नाही हे वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघता येतं. गाडी गार असताना जा, जमलं तर न सांगता पहाटे, आणि मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

तक्रार दिलीये. एजंट म्हणतो गाडी “आहे तशी” विकली, पण किटचे पैसे त्याने ऑनलाइन घेतले आणि मेसेजमध्ये “बायोडिझेल किटसह” असं स्वतःच लिहिलंय, त्यावर सगळी भिस्त आहे. या भागात आणखी कोणी अशी गाडी घेतली असेल तर त्याचे मेसेज डिलीट करू नका आणि कॅनमधलं उरलेलं ओतून टाकू नका, काचेच्या बाटलीत सील करून तारीख घालून ठेवा.