एसटीसी-१००० टेम्परेचर कंट्रोलर: सोलापूरच्या उन्हात पहिल्या रीफ टँकसाठी कसा आहे?

सोलापुरात पहिला रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळाचा) खाऱ्या पाण्याचा टँक, लावणाऱ्याने महागड्या लाईटच्या आणि स्किमरच्या (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) आधी एसटीसी-१००० ही पाण्याचं तापमान राखणारी डबी घ्यावी. हजार रुपयांच्या आत मिळते आणि कोरल जगवण्यात हिचा वाटा त्या दोघांपेक्षा मोठा आहे. कामाला पैकीच्या पैकी मार्क, बांधणीला निम्मे. बांधणीच्या उणिवा माहीत असल्या तर त्यांच्यावर उपाय करता येतो, म्हणून हे सविस्तर.

कोरलला २५ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. २९-३० च्या वर काही दिवस राहिलं की त्याच्या अंगातलं शैवाल बाहेर टाकलं जातं आणि ते पांढरं पडतं. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे मासेही वर येऊन धापा टाकतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे चांगलाच गारवा असतो. म्हणजे वर्षभरात गार करणं आणि गरम करणं दोन्ही लागतं. एसटीसी-१००० मध्ये हीटिंगचा आणि कूलिंगचा असे दोन वेगळे रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच) आहेत, प्रत्येकी १० अँपिअरचे. दुकानात सर्रास मिळणारे एकाच रिलेचे कंट्रोलर स्वस्त असतात, पण त्यांवर हीटर किंवा पंखा यांपैकी एकच लावता येतो. ते घेऊ नका.

मागच्या बाजूला आठ स्क्रू टर्मिनल आहेत. १ आणि २ वर कंट्रोलरचा २३० व्होल्ट पुरवठा, ३ आणि ४ वर प्रोब (पाण्यात बुडवायचा तापमानाचा सेन्सर), ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. इथे नवखा हमखास फसतो: ५-६ आणि ७-८ मधून वीज बाहेर येत नाही, ते फक्त स्विच आहेत. फेज एकातून आत न्यायचा, दुसऱ्यातून सॉकेटला द्यायचा, न्यूट्रल आणि आर्थिंग सॉकेटला थेट जोडायचं. डबीला स्वतःची बंद पेटी नसते, मागची टर्मिनल उघडीच असतात. त्यामुळे ७१ गुणिले २९ मिलिमीटरचं भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत बसवावी, हीटरचं आणि पंख्याचं सॉकेट वेगळं ठेवून त्यांवर नावं लिहावीत. वायरमनकडूनच करून घ्या आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) असल्याशिवाय टँकमध्ये हात घालू नका. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्या पाण्यापेक्षा फार सहज जाते.

सेटिंग फक्त चार. एस बटण तीन सेकंद दाबून धरलं की एफ१ दिसतं, बाण दाबून पुढच्या सेटिंगवर जायचं, एस धरून बाणाने आकडा बदलायचा. शेवटी पॉवर बटण एकदा टिचकीसारखं दाबायचं, तेव्हाच आकडा साठवला जातो. दहा सेकंद काही केलं नाही तर मशीन बाहेर पडतं आणि जुनंच सेटिंग राहतं. ‘सेट करूनही बदलत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

एफ१ म्हणजे हवं ते तापमान. सोलापूरसाठी २६.० ठेवावं. एफ२ म्हणजे फरक, तो ०.५. मग पाणी २६.५ झालं की पंखा सुरू होतो आणि २६.० ला थांबतो, २५.५ ला उतरलं की हीटर लागतो आणि तोही २६.० ला बंद होतो. हाव धरून एफ२ ०.३ वर नेला तर रिले दिवसभर टकटक करत राहतो आणि लवकर झिजतो. एफ३ म्हणजे कूलिंग पुन्हा सुरू होण्याआधीची थांबण्याची वेळ. पंख्याला १ मिनिट पुरे, चिलरला (फ्रिजसारखं कॉम्प्रेसरने पाणी गार करणाऱ्या यंत्राला) मात्र ५ मिनिटं ठेवा. आपल्याकडे लाईट जाते-येते, आणि बंद पडलेला कॉम्प्रेसर लगेच जोराने सुरू झाला तर तो जळतो. या थांबण्याच्या काळात कूलिंगचा दिवा लुकलुकतो, तो बिघाड समजू नये. एफ४ दुरुस्तीचा आकडा आहे. कारखान्यातून येताना चूक अंशाभराची असू शकते, म्हणून बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पेल्यात ढवळून प्रोब दहा मिनिटं बुडवा. ०.८ दाखवलं तर एफ४ उणे ०.८ करा.

आता पंखा. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे (सॉकेटमध्ये १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून) पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके वारा घालतील असे लावा, आणि काचेच्या झाकणाऐवजी जाळी वापरा. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यावर सगळं चालतं. १ लीटर पाणी उडून जाताना नेतं तेवढी उष्णता १२० लीटरचा टँक जवळजवळ ५ अंशांनी गार करायला पुरते. दिवसाला ४ लीटर उडालं तर सरासरी ११० वॅटचं कूलिंग झालं, म्हणजे पंप आणि लाईट जी उष्णता पाण्यात सोडतात तिचा बराचसा हिशेब यातच मिटतो.

सोलापूरचा कोरडा उन्हाळा इथे आपल्या बाजूने आहे. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने पाणी गार होण्याची खालची मर्यादा २३ अंशांच्या आसपास असते. पावसाळ्यात ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तीच मर्यादा २६ च्या वर सरकते. म्हणून पंखा मे महिन्यात जेवढं काम करतो तेवढं ऑगस्टमध्ये करत नाही. हा कंट्रोलरचा दोष नाही. घरात कूलर लावत असाल तर खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर हवा दमट करतो आणि टँकवरचा पंखा नुसता फिरत राहतो.

या कूलिंगची किंमत मिठात मोजावी लागते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १२० लीटरमधून ४ लीटर गेले की सॅलिनिटी (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) ३५ वरून ३६.२ होते, तीन दिवस लक्ष दिलं नाही तर ३९ च्या जवळ. त्यामुळे पंखा घ्याल त्याच दिवशी ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्या आणि भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याने, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप) शून्य असलेल्या. स्वयंपाकघरातला फिल्टर यासाठी चालत नाही, कारण चव राहावी म्हणून त्यातले बरेचसे मॉडेल थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. बोअरचं पाणी तर कधीच नको.

आता उणिवा. सर्वात धोकादायक म्हणजे रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटणं. पडद्यावर हीटिंगचा दिवा बंद, पण हीटर चालूच. यासाठी हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर ठेवा, म्हणजे दुसरा पहारेकरी तयार राहतो. आणि हीटर छोटा घ्या. घरातल्या १२० लीटरला इथल्या थंडीत १०० वॅट भरपूर झाले. ३०० वॅटचा अडकला तर सकाळपर्यंत टँक उकडून निघतो.

दुसरी उणीव प्रोबची. स्टीलच्या टोपणाचा प्रोब खाऱ्या पाण्यात गंजतो, रबर किंवा प्लॅस्टिकने मढवलेलाच घ्या. तो संपमध्ये (टँकखालच्या पाण्याच्या टाकीत) रिटर्न पंपाजवळ (पाणी वर टँकमध्ये परत चढवणाऱ्या पंपाजवळ), हीटरपासून लांब, सक्शन कपवर न सोडता क्लिपने पक्का करा. सक्शन कप काही महिन्यांत कडक होऊन सुटतो. मग प्रोब हवेत लोंबकळतो आणि जानेवारीच्या पहाटे खोलीचं तापमान वाचून हीटर तासन् तास चालू ठेवतो. प्रोबची वायर तुटली तर मशीन ईई दाखवून दोन्ही रिले बंद करतं आणि बीप वाजवतं, एवढी एक गोष्ट चांगली केली आहे. वायर पेटीत शिरते तिथे खाली एक झोळ ठेवा. वायरवरून मिठाची पांढरी पापडी चढत जाते, तिच्याबरोबर ओल टर्मिनलपर्यंत पोहोचते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली तर पुरतं.

पंखा अखंड चालूनही दुपारी पाणी २८ च्या वर जात असेल तर चिलरला पर्याय नाही. १२० लीटरला साधारण १/१० अश्वशक्तीचा लागतो, किंमत वीस हजारांच्या वर, पण हाच कंट्रोलर त्यालाही चालतो. चिलरचा स्वतःचा थर्मोस्टॅट मग एक अंश खाली ठेवायचा. मोठ्या चिलरला मात्र मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा रिले) घाला, सुरू होतानाचा करंट छोटा रिले झेपवत नाही. चिलर स्टँडच्या कपाटात कोंबू नका. पाण्यातून काढलेली उष्णता तो तिथेच सोडतो, आणि कपाट तापलं की त्याचं बळ कमी होतं. त्याआधी एक स्वस्त उपाय करून बघा: पाण्यात बुडालेला जुना एसी पंप काढून कमी वॅटचा डीसी पंप लावा. बुडालेला ३० वॅटचा पंप जवळपास ३० वॅट उष्णता पाण्यातच देतो.

घेताना २३० व्होल्टचंच मॉडेल आहे ना ते मागच्या लेबलवर वाचा, १२ आणि २४ व्होल्टची अगदी तशीच दिसतात. सोबत १० के एनटीसीचा (या डबीला लागणाऱ्या सेन्सरच्या प्रकाराचा) एक जादा प्रोब घेऊन ठेवा. जोडणी झाली की टँकला लावण्याआधी एक पेला कोमट आणि एक पेला थंड पाणी घ्या, आळीपाळीने प्रोब बुडवा आणि दोन्ही सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. कोमट पाण्यात एफ३ ची वेळ संपल्यावर पंख्याच्या सॉकेटचा आणि थंड पाण्यात हीटरच्या सॉकेटचा दिवा लागला पाहिजे. उलटं झालं तर ५-६ आणि ७-८ ची अदलाबदल झाली आहे.